हजेरीशिवाय सुरू व्हायचं न्हाई

डिपेंडन्सी इंजेक्शनचे साधन कोणते निवडावे, हा या लेखाचा प्रश्न आहे. मला त्याचे उत्तर शेलार आप्पांकडून मिळाले.

रांजणगावच्या एका कारखान्यात आमच्या संगणक विभागात ते सर्वांत ज्येष्ठ. संगणक सुरू करण्यापूर्वी ते मोठ्याने हजेरी घेत. "माउस?" असे विचारून स्वतःच म्हणत, "हजर." "कीबोर्ड?" "हजर." "चष्मा?" येथे शांतता पसरे. चष्मा बहुधा कारेगावला घरीच राहिलेला असे. मग संगणकाला हात न लावता आप्पा मोटारसायकलवरून तो आणायला जात.

आता मूळ विषय. प्रोग्रामच्या एका भागाला इतर भाग लागतात. ते त्याने स्वतः न बनवता बाहेरून त्याच्या हाती द्यायचे, अशी ही पद्धत. देण्याचे काम साधन करते. आमच्यासमोर दोन साधने होती. एखादा भाग सापडला नाही, तर पहिले जागा रिकामी ठेवून पुढे जाई; दुसरे सुरुवातीलाच अडून बसे. काम कुठे अडायला नको म्हणून आमच्या विभागप्रमुख साहेबांना अर्थातच पहिले आवडले.

"शेलार, पहिल्यावर सही करा. नाहीतर दौंडच्या गोदामात माणूस हवाच आहे."

"दौंड तर दौंड! सही व्हायची न्हाई."

एवढे बोलून आप्पांनी ट्रकचे गेटपास छापणाऱ्या प्रोग्राममधून वजनकाट्याचा भाग काढून टाकला. पहिल्या साधनावर प्रोग्राम खुशाल सुरू झाला. पत्र्याने भरलेल्या ट्रकचा गेटपास छापून आला. वजनाची जागा कोरी.

"बघा साहेब, ट्रकमदी फुगं भरल्यात जणू!"

दुसरे साधन चूक दाखवून जागीच थांबले.

"ह्ये बोंबलतंय, पर खरं बोलतंय. कोण न्हाई, ते आधीच सांगावं."

साहेबांनी दुसरे साधन मंजूर केले.

त्याच आठवड्यात विम्याचे फॉर्म आले. आप्पांचा 'डिपेंडंट', म्हणजे अवलंबून असलेल्या माणसांचा, रकाना कोरा होता. त्यांची आई दिवाळीनंतर वारली होती. घरी दुसरे कोणी नव्हते. मी पूर्वी शाळेत शिकवत असे, त्यामुळे कोरा रकाना मला सोसवत नाही. म्हणालो, "आप्पा, येथे 'निरंक' लिहा."

त्यांनी पेनला टोपण लावले.

"निरंक लिहिलं म्हंजी आईचं नाव हजेरीतनं काढलं की ओ, सर. ऱ्हाऊ द्या तेवढं रिकामं."

कार्यालयाने 'अपूर्ण' असा शेरा मारून फॉर्म परत पाठवला. मी तो तसाच पुन्हा पाठवला.

साधनाबाबत मात्र माझ्या शब्दावर विसंबू नका. एक भाग काढून प्रोग्राम सुरू करा आणि काय होते ते स्वतः तपासून पाहा.