परवीन आपाचा पिवळा चौकोन

परवीन आपाच्या दारात गेलं की आधी दोन्ही हात वर करून उभं राहायचं, मग चहा. कावून म्हणून विचारायचं नाही. बाई विमानतळावर तपासणीला आहे, अन् सुट्टीवर बीडला आली तरी वर्दी काही मनातून उतरत नाही. मी शेजारीण, विरजण मागायलासुद्धा हात वर करून जाते.

त्यांच्याकडं नवीन मशीन आलंय. त्याच्या लहरी कपड्यातून पार जातात आणि कातडीला लागून माघारी फिरतात. स्क्रीनवर माणूस दिसत नाही, नुसती बाहुली. मंत्री असो की मोलकरीण, सगळ्यांची एकच. अंगावर काही लपवलं असेल तर तिथं पिवळा चौकोन येतो. आपानं हे इतक्यांदा समजावलंय की गल्लीतली पोरंसोरंही सांगतील. तिला स्वतःला तर आता मशीन लागतच नाही. आमचे हे तंबाखू सोडली म्हणून मिरवत होते, तर ही लांबूनच म्हणाली, "भाऊजी, डाव्या कमरंला चौकोन हाय." ह्यांनी गुमान पुडी काढून दिली.

तेलगावला माझ्या पुतण्याच्या लग्नात तर तिनं कहर केला. एक पुढारी ऐटीत आले, सदरा कमरेला जरा फुगलेला. आपा आडवी उभी. "साहेब, हात वर." अहो, वाजंत्री थांबली! अन् साहेबांनी, काय मनात आलं कुणास ठाऊक, केले की हात वर. मुकाट जाऊन पिस्तूल गाडीत ठेवून आले. पाहुण्यांत हे शोभतं का म्हणून मी लई रागावले. तर म्हणे, "हौसेनं बार उडवला असता, नवरदेवाला गोळी लागली असती, मंग शोभलं असतं?"

परवा मी माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, घेऊन विमानानं दिल्लीला निघाले. तिच्या लेकीचं बाळंतपण होतं. कॅन्सरच्या ऑपरेशनात अक्काची एक छाती काढलेली. ती आत कापडी पिशवी घालते, कापूस आणि वजनाला बाजरी भरून. हे आम्हा दोघी-तिघींनाच ठाऊक. आपालाही सांगायचं नाही, अशी तिनं मला शपथ घातलेली. मशीनचं ऐकल्यापासून तिचा एकच धोशा: चारचौघांत हे उघडं पडलं तर मी तशीच माघारी फिरेन, लेकीला सांग आई आली नाही.

अन् चौकोन आलाच, नेमका छातीवर. ड्यूटीला आपाच होती. तिनं अक्काला हाताला धरून पडद्याआड नेलं. मी बाहेर तिच्या चपला घेऊन उभी.

अक्का बाहेर आली, चपला घातल्या अन् सरळ पुढं चालू लागली. विमानात बसल्यावर माझा हात घट्ट धरून सांगितलं. आपानं नियमाप्रमाणं वरूनच हात फिरवून तपासलं, काही काढायला लावलं नाही. मग अक्काचा हात उचलून आपल्या वर्दीवर, डाव्या बाजूला ठेवला. "माझं बी असंच हाय, अक्का. घरी कुणाला म्हाईत न्हाई."

ही बाई एकटी कधी दवाखान्यात गेली, कधी घरी आली, मला शेजारणीला पत्ता नाही. मला रडू आवरेना.

अक्कानं तिला विचारलं होतं, शिवून कोण देतं गं तुला? "कोन देतंय? मीच," आपा म्हणाली.

दिल्लीला नातवाची दुपटी शिवायला बसली, तेव्हा अक्कानं आधी आपासाठी दोन पिशव्या शिवल्या. माप काही विचारावं लागलं नाही. हात लागलाच होता.