व्याह्यांचं खतपाणी

थवत गुरुजींनी शेणाची बादली पलंगाखाली ढकलली आणि पुईने ती तितक्याच शांतपणे बाहेर ओढली.

"पलंगाखाली नाही," ती म्हणाली. "त्याच पलंगावर पाहुणे बसणार आहेत."

"मग ठेवू कुठे? डोक्यावर?"

"डोक्यात आहेच की इतकी वर्षं. अजून एक बादली काही जड होणार नाही."

वारिन गावच्या शेतकी शाळेत गुरुजींनी उभा जन्म शिकवण्यात घालवला होता. शिकवण एकच, शेणासारखं सोनं नाही आणि पोत्यातल्या खतासारखं विष नाही. मुलं त्यांना पाठीमागे शेणगुरुजी म्हणत. गुरुजी निवृत्त झाल्यावर तोंडावरही म्हणू लागली. बायकोचं नाव पुई, म्हणजे तिथल्या भाषेत चक्क खत. हा योग देवानेच जुळवून आणला, असं गल्लीत सगळे मानत.

सरकारने घरात गांजा लावायला परवानगी दिली, तेव्हा सगळ्या गल्लीने कुंड्या आणल्या. गुरुजींनी वरची रिकामी खोली घेतली. दिवे टांगले, पंखा लावला आणि सहा कुंड्यांत स्वतः कालवलेली माती भरली. त्यात शेण होतं, पालापाचोळा होता, गांडुळं होती. शिवाय मासे आणि उसाची मळी कुजवून केलेलं पाणी होतं. ते पाणी एका निळ्या पिंपात मुरत असे आणि त्याच्या वासाने मांजरं जिन्यावर येऊन बसत. पानं कोंबडीच्या रश्श्यात जात, कळ्यांचं तेल पुईच्या गुडघ्यांना लागे. एकंदरीत घर सुखी होतं.

मग त्यांच्या मुलीने, दुआनने, स्वतःचं लग्न जमवलं. ती इस्पितळात परिचारिका होती आणि तिथेच एक्स-रे काढणारा विन तिला आवडला होता. मुलगा सरळ, निर्व्यसनी, हसरा. दोष एकच. त्याचे वडील प्रसोंग यांचं देत उदोम गावात रासायनिक खतांचं भलंमोठं दुकान होतं.

"बाबा, एक दिवस," दुआन हात जोडून म्हणाली. "फक्त एक दिवस. ते जे म्हणतील त्याला हो म्हणायचं."

"युरियाला अमृत म्हणाले तरी?"

"तरी. आणि वर एक घोट मागायचा."

तिने येताना रासायनिक खताच्या पिशवीभर बाटल्याही आणल्या होत्या. एकीत लाल पाणी, एकीत निळं, एकीत काहीतरी पांढरं. शिवाय मापाचं झाकण. बाटल्या कुंड्यांपुढे ओळीने मांडल्या. शेणाची बादली शेजाऱ्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्यामागे गेली. राहिलं ते निळं पिंप. ते इतकं जड होतं की खाली नेणं शक्यच नव्हतं. शेवटी खोलीतल्याच भिंतीच्या कपाटात सरकवलं. वास येऊ नये म्हणून गुरुजींनी झाकण घट्ट दाबलं आणि वरून दोरीने करकचून बांधलं.

"हे बरोबर नाही," ते दोरीला गाठ मारता मारता म्हणाले. "आत वायू धरतो. पोरांना मी हे पहिल्याच दिवशी सांगायचो."

"पोरं आज जेवायला नाहीत," पुई म्हणाली.

पाहुणे आले. प्रसोंग अंगाने दांडगे, सोनेरी चष्मा आणि मानेवर घाम. त्यांच्या पत्नी मालै आंब्यांची करंडी घेऊन आल्या. वंदन झालं, पाणी झालं, उन्हाळ्याला नावं ठेवून झाली. एवढ्यात मालै आणि पुई स्वयंपाकघरात जाऊन चिकट भाताच्या टोपल्यांपाशी अशा काही बसल्या, की जणू एकाच विहिरीवर पाणी भरत मोठ्या झाल्या असाव्यात. बाहेर दोन बाप आणि एक पंखा उरला.

"गुरुजी," प्रसोंग खाकरून म्हणाले, "झाडं दाखवता ना? विनने फार कौतुक सांगितलंय."

दोघे वर गेले. दुआन आणि विन जिन्याच्या पायथ्याशी कान देऊन उभे राहिले.

दिव्यांखाली झाडं टवटवीत उभी होती. प्रसोंगांनी आधी झाडांकडे पाहिलं, मग बाटल्यांच्या ओळीकडे, आणि त्यांचा चेहरा पडला.

"या... बाटल्या?"

"हो तर!" गुरुजी पाठ केल्यासारखे म्हणाले. "बाटलीशिवाय कुंडीला शोभा नाही. झाकणभर ओतलं, की झाड कसं शिपायासारखं उभं राहतं."

प्रसोंगांनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. मग घसा साफ केला. "छे छे, गुरुजी. दुकान आपलं पोटासाठी. मनातून मी मातीचाच. शेणासारखं सोनं नाही."

गुरुजींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हे वाक्य त्यांचं होतं. त्यांच्या वर्गातलं, त्यांच्याच चालीतलं. हा माणूस त्यांच्या घरात उभा राहून त्यांची नक्कल करत होता.

दुआनचे जोडलेले हात त्यांना आठवले. त्यांनी राग गिळला आणि आणखी गोड झाले. "असं कसं, प्रसोंगसाहेब? शेणात काय आहे, किती आहे, कुणाला ठाऊक? सगळं अंदाजपंचे. बाटलीवर लिहिलेलं असतं. झाडाने आज मागितलं, आज मिळालं. शेण म्हणजे सरकारी कचेरी. अर्ज या हंगामात, मंजुरी पुढच्या!"

बोलल्यावर ते स्वतःच चपापले. वाक्य झकास जमलं होतं.

प्रसोंगांचा चेहरा लाल झाला. त्यांना ते टोमण्यासारखं लागलं असावं. "आणि बाटली म्हणजे? बाटली म्हणजे खाणावळ! मालक एक दिवस गावाला गेला, की झाड उपाशी. हात जरा सैल पडला, की पानांची टोकं जळाली. माती आई असते, आई! लेकराला पचेल तेवढंच भरवते. आणि मातीत वाढलेल्या कळीचा वास... ही दोन एकत्र ओतू नका हं, तळाला साका धरतो."

शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून आपसूक निघालं होतं. लाल आणि निळी बाटली त्यांनी बोलता बोलता हातात घेऊन सवयीने वेगळी ठेवली होती. जीभ चावून त्यांनी पंख्याकडे पाहिलं.

पण गुरुजींचंही लक्ष कुठे होतं? कुंडीच्या काठावर एक लठ्ठ गांडूळ डोकावत होतं आणि ते करंगळीने त्याला हळूच आत ढकलत होते.

"ते काय आहे?" प्रसोंगांनी विचारलं.

"कुठे काय?"

"गांडूळ आहे ते."

"असेल. बाटलीतून आलं असेल."

"गुरुजी, तुम्ही माझी थट्टा करताय!"

"थट्टा तुम्ही करताय! माझं वाक्य, माझ्याच घरात, माझ्याच तोंडावर!"

"मी शेणाचं कौतुक करतोय!"

"खतवाल्याने शेणाचं कौतुक करणं हीच थट्टा! माणसाने आपल्या धंद्याशी इमान ठेवावं! बाटलीत काय वाईट आहे?"

"सगळं वाईट आहे!" प्रसोंग गरजले. "मी विकतो, मला विचारा!"

खाली दुआन पायरीवरच बसली. "मोडलं," ती विनला म्हणाली. "सोन्यासारखं जमलेलं मोडलं. बाबांना मी हो म्हणायला सांगितलं होतं."

"मीही माझ्या बाबांना तेच सांगितलं होतं," विन कसनुसा होत म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. काय घडलंय ते दोघांच्याही एकाच क्षणी ध्यानात आलं आणि ते जिन्यावरून धावत सुटले. पण तोवर वर कपाटात काहीतरी गुरगुरायला लागलं होतं.

"आत कुणी आहे का?" प्रसोंगांनी विचारलं.

"मांजर," गुरुजी म्हणाले, आणि झटकन कपाटाकडे वळले. दिव्यांची उष्णता, बंद दार, करकचून बांधलेली दोरी. हा धडा त्यांनी किती वर्षं शिकवला होता! "प्रसोंगसाहेब, जरा बाजूला—"

धाड्‌कन आवाज झाला. कपाटाचं दार भिंतीवर आदळलं, झाकण दिव्याला लागून परत आलं आणि पावसाळ्यापासून मुरलेलं ते तपकिरी पाणी दोन्ही बापांच्या डोक्यावरून पायापर्यंत ओघळलं. एका माशाचं डोकं प्रसोंगांच्या खांद्यावर सन्मानचिन्हासारखं येऊन बसलं.

पंखा तेवढा फिरत होता आणि वास सगळीकडे नीट पोचवत होता.

प्रसोंगांनी ओठांवरून जीभ फिरवली. "गूळ घातलाय?"

"मळी," गुरुजी खालच्या आवाजात म्हणाले. "मळीने जास्त चांगलं मुरतं."

"म्हणजे या बाटल्या..."

"मुलीने आणल्या. कालच. मला झाकण कसं उघडायचं तेही नीट ठाऊक नाही."

प्रसोंगांनी चष्मा काढला, पुसायला शर्टात कोरडी जागा शोधली, सापडली नाही. "आणि मला विनने सगळा रस्ताभर तुमची वाक्यं पाठ करायला लावली. शेणासारखं सोनं नाही, शेणासारखं सोनं नाही. मालै म्हणाली, आता पुरे, मला गाडी लागेल."

गुरुजींच्या खांद्यांना आधी बारीकसा झटका बसला, मग मोठा. प्रसोंगांचं पोट हलायला लागलं. दुआन आणि विन धापा टाकत दारात पोचले, तेव्हा दोन्ही बाप एकमेकांच्या खांद्याला धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होते. ते पाणी डोळ्यांतलं होतं की पिंपातलं, हे मात्र सांगता येत नव्हतं.

ते खाली आले, तेव्हा पुईने काहीही विचारलं नाही. नाकाला पदर लावावा तशी ओढणी लावून तिने दोघांच्या हातात एकेक चौकडीचा पंचा ठेवला. "मागच्या हौदावर आंघोळ करा. मग जेवायला या. तारीख ठरली."

"ठरली?" गुरुजी म्हणाले. "आम्हाला न विचारता?"

"तुम्ही कामात होता," मालै म्हणाल्या.

सगळं गोड झालं. दोन्ही व्याही पंचे नेसून कोंबडीचा रस्सा ओरपत बसले आणि एकमेकांच्या वाटीत वाढत राहिले. निरोप घेताना दोघांनी शब्द दिला, की यापुढे आपण आपापल्या मनातलंच बोलायचं.

पण मनाचा भरवसा काय? पाहुणे गेल्यावर बाटल्या फेकायला गुरुजी वर गेले आणि हात आखडला. "सरकारी कचेरी" हे वाक्य काही डोक्यातून जाईना. इतकी वर्षं ते दुसरी बाजू खोडत आले होते, तिच्या बाजूने कधी बोलले नव्हते. आणि बोलले, तर काय बोलले होते! शेवटी एक कुंडी त्यांनी बाजूला काढली. फक्त बघायला म्हणून. मापून अर्धं झाकण. आठवडा संपायच्या आत ते झाड असं तरारलं, की गुरुजी दार लावून त्याच्यापुढे बसू लागले. पुईला कळलं होतं. नवरा बाटल्या चोरून ठेवतोय म्हणजे निदान शेण तरी कमी आणेल, म्हणून ती गप्प राहिली.

तिकडे देत उदोममध्ये प्रसोंगांनी दुकानामागे एक कुंडी ठेवली होती आणि तिच्यावर गोणपाट टाकलं होतं. आत शेण आणि पालापाचोळा. गिऱ्हाइकाला दिसलं तर अब्रू जायची. पण रोज दुपारी ते गोणपाट उचलत, नाक खाली नेत आणि डोळे मिटत.

लग्नाच्या सकाळी मंडपात दोघांची गाठ पडली. प्रसोंगांनी गुरुजींचा हात धरून त्यांना खांबामागे नेलं.

"गुरुजी, तुमचंच खरं हो. माती आई असते."

"कसली आई!" गुरुजी म्हणाले. "लाडावून ठेवते झाडाला. बाटलीची शिस्त बघा तुम्ही!"

"शिस्त? खाणावळ आहे ती!"

"आणि शेण? कचेरी!"

आवाज चढले. नटूनथटून बसलेल्या दुआनच्या कानांवर ते पडले आणि तिचा रंग उडाला. "आई, पुन्हा तेच चाललंय! कुणीतरी जाऊन सांगा ना, आता नाटकाची गरज नाही म्हणून."

"नाटक कुठलं?" पुई तिच्या केसांतलं फूल नीट करत म्हणाली. "आता खरोखर भांडतायत."

एवढ्यात पांढऱ्या धाग्यांचं तबक घेऊन गावातले म्हातारे आजोबा उभे राहिले. नवरा-नवरीच्या मनगटाला धागा बांधून आशीर्वाद द्यायचा होता आणि पहिला मान बापांचा. आजोबांनी दोनदा हाक मारली. खांबामागून कुणी आलं नाही. दोन्ही व्याही अजून हातात हात धरून, नाकाला नाक भिडवून तावातावाने बोलत होते.

"काय हे?" आजोबा वैतागले. "लग्न लागायची वेळ झाली ना!"

"तुम्ही सुरू करा, आजोबा," मालै म्हणाल्या. "त्या दोघांचं केव्हाच लागलंय."