सहा नंबरचा बोका

"बोका येणार नसेल तर मी लग्नाच्या कागदावर सही करणार नाही," ठमी म्हणाली आणि दातांत धरलेली टाचणी काढून बाहीला लावत राहिली.

बोका म्हणजे तिचा कुत्रा. पिल्लू असताना तो शेजारच्या मांजरीच्या पिल्लांत जाऊन झोपायचा, म्हणून हे नाव पडलं. पुढे तो वाढला, केसाळ झाला, आणि घरातला पेपर कुणाच्याही आधी आपण वाचायचा, म्हणजे फाडायचा, असा त्यानं नियम केला. दारावरची बेल वाजली की तो भुंकायचा, आणि बराच वेळ वाजली नाही तर का वाजली नाही म्हणून भुंकायचा.

अडचण होती ती होणाऱ्या सासूबाईंची. त्या तीस वर्षं ग्रंथपाल होत्या. चढा आवाज त्यांना खपत नसे. त्यांच्या घरात मिक्सरसुद्धा दबकून चाले म्हणत. लग्नानंतर ठमी त्यांच्याच घरी राहायला जाणार होती आणि कुत्रा बरोबर आणणार असं तिनं जाहीर केलं होतं. सासूबाईंनी नाही म्हटलं नाही. "लग्नात आणा. कसा वागतो ते बघू, मग ठरवू," एवढंच त्या म्हणाल्या.

ठमीच्या वडिलांचं चौकात चष्म्यांचं दुकान होतं. सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणत. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. सासूबाईंची अट ऐकून ठमीचं तोंड उतरलं, चष्मेवाल्यांना मात्र आतून बरं वाटलं. मुलगी जाणार हे त्यांनी कसंबसं पचवलं होतं, कुत्राही जाणार हे पचत नव्हतं. संध्याकाळी दुकान बंद करून आल्यावर कुलूप उघडण्याआधीच आतून कुणीतरी आरडाओरडा करावा, एवढंच त्यांना हवं होतं. आणि भरल्या हॉलमध्ये बोका कसा वागेल याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. म्हणून ते मोठ्या उदारपणे म्हणाले, "आणतो की त्याला. माझ्यावर सोड."

"नुसतं आणायचं नाही. सकाळी सलूनमध्ये नेऊन आंघोळ घालायची. अंगठ्या त्याच्या गळ्यातल्या पिशवीत ठेवायच्या. मग त्यानं दारातून टेबलापर्यंत एकटं चालत यायचं."

"अंगठ्या? त्याच्या गळ्यात?"

"बाबा."

"बरं, बरं."

कुत्र्यांच्या सलूनमधल्या मुलीनं लग्नाच्या हॉलचा पत्ता लिहून घेतला, बोक्याला आत नेलं आणि चष्मेवाल्यांच्या हातात एक गोल बिल्ला ठेवला. त्यावर इंग्रजी नऊचा आकडा होता. दोन तासांनी चष्मेवाले धापा टाकत आले आणि त्यांनी बिल्ला काउंटरवर टाकला. तो उलटा पडला. मुलीनं सहा नंबरचा कुत्रा बाहेर आणला.

कुत्रा पांढराशुभ्र होता. चष्मेवाल्यांनी बोक्याला आजवर राखाडीच पाहिलं होतं. "म्हणजे हा मुळात पांढरा आहे तर," ते म्हणाले.

"हाच ना, काका? एकदा नीट बघून घ्या."

"अगं, माझा धंदाच नजरेचा आहे," असं म्हणून त्यांनी अंगठ्यांची पिशवी कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि पट्टा हातात घेतला.

गाडीत कुत्रा मागच्या सीटवर ताठ बसून राहिला. शाम्पूचा वास डोक्यात गेला असेल, असं चष्मेवाल्यांना वाटलं. पण हॉलच्या दारात नवऱ्या मुलाचे मामा कुणा पाहुण्यांना "बसा, बसा" म्हणाले आणि कुत्रा बसला. "अहो, उठा, पुढे जागा आहे," मामा म्हणाले आणि कुत्रा उठला.

चष्मेवाल्यांनी खाली वाकून कुत्र्याचा डावा कान पाहिला. बोक्याच्या डाव्या कानाचा एक तुकडा मांजरीनं तोडलेला होता. हा कान अखंड होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. कान अखंडच होता. उजवाही पाहिला, तोही शाबूत.

तेवढ्यात हॉलचं दार उघडलं. पन्नास माणसं मागे वळून बघायला लागली. पलीकडच्या टोकाला टेबलामागे विवाह नोंदणी अधिकारी बसले होते, शेजारी ठमी आणि तिचा नवरा, पहिल्या रांगेत सासूबाई. आता काय बोलणार? चष्मेवाल्यांनी पट्टा सोडला.

कुत्रा निघाला. मान वर, शेपटी सरळ, पावलाला पाऊल. तो अर्ध्यावर आला तेव्हा फोटोग्राफर म्हणाला, "थांब, फोकस होऊ दे." कुत्रा थांबला. "हां, ये." कुत्रा आला आणि टेबलापाशी बसला. ठमीनं त्याच्या गळ्यातली पिशवी सोडताना त्याच्याकडे पाहिलं, मग लांब उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहिलं, आणि काही न बोलता अंगठ्या काढल्या.

सह्यांच्या वेळी पेन सापडेना. नवरा मुलगा मित्राला म्हणाला, "इथंच होतं रे. शोध जरा."

कुत्रा उठला. त्यानं टेबल हुंगलं, अधिकाऱ्यांचा हात हुंगला, मग पहिल्या रांगेतून नाक फिरवत मामांपाशी गेला आणि त्यांच्या कोटाच्या खिशाकडे बघून एकदाच भुंकला. मामांनी खिशात हात घातला. पेन निघालं.

"चुकून राहिलं," मामा म्हणाले.

सासूबाई जागेवरून उठल्या. मामा म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ. "तीस वर्षं," त्या म्हणाल्या, "लायब्ररीतली पेनं कुठे जातात ते मला कळलं नव्हतं. दर शनिवारी हा मला भेटायला यायचा." त्यांनी कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला. "असा कुत्रा असेल तर माझी काही हरकत नाही. आजच घेऊन या घरी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चष्मेवाल्यांनीही वाजवल्या, पण त्यांचे हात एकमेकांना नीट सापडत नव्हते. खरं सांगावं तर लग्नात फजिती, न सांगावं तर दुसऱ्याचा कुत्रा चोरल्यासारखं. शिवाय आपला बोका कुठे आहे, हे कुणाला विचारायचं?

जेवणाची पानं वाढली जात होती तेव्हा ते फोन करायला व्हरांड्यात गेले. फोन लागायच्या आधीच समोरच्या फाटकातून बोका आत आला. तोही पांढरा झाला होता, पण फक्त वरून. पोटापर्यंत चिखल होता आणि तोंडात कवळी होती. त्याच्यामागे एक म्हातारे गृहस्थ काठी काखेत मारून पळत येत होते आणि त्यांच्यामागे त्यांची सून.

"पकडा त्याला," म्हातारे बोळक्या तोंडानं म्हणाले.

चष्मेवाल्यांनी बोक्याला मिठीच मारली. कवळी परत गेली, धुतली गेली, आणि मग म्हाताऱ्यांचं बोलणं कळायला लागलं. ते पोलिसांच्या कुत्र्यांचे निवृत्त प्रशिक्षक. सून सलूनमधून कुत्रा घेऊन आली, तेव्हा तिला काही वेगळं वाटलं नाही. म्हाताऱ्यांनी "बस" म्हटलं, तर कुत्र्यानं वाटीतली कवळी उचलली आणि घरभर फिरवली. सुनेनं सलूनला फोन करून हॉलचा पत्ता घेतला. गाडीतून उतरताना बोका पुन्हा सुटला, तो थेट इथं आला.

"मला माफ करा," चष्मेवाले म्हणाले. "तुम्हाला फार त्रास झाला."

"त्रास कसला?" सून म्हणाली. "गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दोन महिने बाबा खुर्चीतून उठत नव्हते. डॉक्टर सांगून थकले. आज फाटकापासून इथपर्यंत पळाले."

एवढ्यात बोक्यानं मिठीतून अंग सोडवलं आणि तो हॉलमध्ये घुसला. आतून आधी भुंकणं ऐकू आलं, मग खुर्च्या पडल्याचा आवाज, मग मामांचा. चष्मेवाले आत पोचले तेव्हा टेबलावरची चादर जमिनीवर होती आणि सासूबाई दोन पांढऱ्या कुत्र्यांच्या मधोमध उभ्या होत्या. एक बसला होता. दुसरा त्यांच्याभोवती गोल गोल धावत होता.

"यातला तुमचा कोणता?" त्यांनी विचारलं.

"धावतोय तो," चष्मेवाले म्हणाले आणि त्यांनी बिल्ल्यापासून कानापर्यंत सगळं सांगून टाकलं.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "मग हा तुमच्याकडेच राहू दे," त्या म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी जमेल तेवढा दुःखी चेहरा केला. ठमी त्यांच्याजवळ आली, तिचे डोळे भरले होते. "बाबा, मी त्याला बघताक्षणीच ओळखलं होतं," ती हळूच म्हणाली. "बोका माझ्याबरोबर यावा म्हणून तुम्ही मुद्दाम शिकवलेला कुत्रा आणलात ना? बिल्ल्याचं काय ते आत्ता जुळवून सांगितलंत. माझ्यासाठी एवढं करणारं दुसरं कोण आहे?"

चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं. मग त्यांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तोंड मिटून घेतलं.

संध्याकाळी पाहुणे पांगले. सासूबाई व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसल्या.

"व्याही, एक सांगू? तो शहाणा कुत्रा घरी आणा असं मी म्हटलं, तेव्हा तुमचा चेहरा मी पाहिला. मुलगी सही करत होती तेव्हासुद्धा इतका पडला नव्हता."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"म्हणून नको म्हटलं मी," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर मला तोच आवडला होता. धावणारा. दुसऱ्याला बघून मला सारखं वाटत होतं, आता हा माझी हजेरी घेणार."

त्या उठल्या. गाडीकडे निघाल्या तेव्हा चष्मेवाल्यांच्या लक्षात आलं, की त्यांच्या एकाच पायात चप्पल आहे. दुसरी बाकाखाली बोक्याच्या पुढच्या पंजांत होती.

"विहीणबाई, थांबा, काढून देतो."

"राहू दे त्याच्यापाशी," सासूबाई मागे न बघता म्हणाल्या. "रविवारी येऊन घेऊन जाईन."