ताशी सत्त्याऐंशी

गेल्या वर्षी चार मार्चला कृष्णाबाई भोसेकर यांनी हौद चौक ताशी सत्त्याऐंशी किलोमीटर वेगाने, लाल दिव्याला न जुमानता, पायी ओलांडला. त्याला त्यांना नऊ मिनिटं लागली.

कृष्णाबाई एकाहत्तर वर्षांच्या. बस स्टँडच्या कॅन्टीनमध्ये एकतीस वर्षं उभ्याने चपात्या लाटल्या आणि निवृत्तीच्या दिवशी एक नारळ आणि दोन निकामी गुडघे घेऊन घरी आल्या. त्या दिवशी शेजारच्या रझिया मुल्लाला अस्तराचं कापड आणायचं होतं. रझिया घरी शिवणकाम करते. एकटीने जायचा कंटाळा आला म्हणून तिने कृष्णाबाईंना बरोबर घेतलं, हात धरून चौक ओलांडला, मध्ये दुभाजकावर बसवून दोनदा दम खाऊ दिला. हे सगळं खरं आहे. सत्त्याऐंशीही खरं आहे, कारण ते कॅमेऱ्याने नोंदवलं आहे. शहरात कॅमेरे बसल्यापासून एका प्रश्नाची दोन खरी उत्तरं असू शकतात. त्यातलं सरकारी कुठलं, एवढंच बघायचं असतं.

आठव्या दिवशी नोटीस आली. सोबत फोटो होता. काठी, हिरवं लुगडं आणि किंचित उघडलेलं तोंड.

"फोटो झ्याक आलाय," कृष्णाबाई म्हणाल्या. "मतदानाच्या कार्डावरचा बघ, मेल्यासारखा हाय."

"मावशी, दंड आहे ह्यात," रझिया म्हणाली. "अतिवेग आणि सिग्नल तोडणं."

"कुणी तोडला?"

"तुम्ही."

कृष्णाबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. रझियाचा मात्र सरकारी कागद घरात ठेवण्यावर विश्वास नाही. तिने मोबाइलवरून दंड भरून टाकला आणि विषय संपला असं समजून ती मशीनवर बसली. इथे तिचं चुकलं. दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, असं नोटिशीच्या मागच्या बाजूला, मुंगीला वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापलेलं होतं.

एप्रिलमध्ये गुडघ्यांच्या ऑपरेशनचा नंबर लागला. जिल्हा रुग्णालयात त्यासाठी कृष्णाबाई चौदा महिने थांबल्या होत्या. डॉक्टर बेडकिहाळ हे शांत, गोरेपान गृहस्थ. त्यांनी एक्स-रे उजेडाला धरला, मग संगणकात डोकावून पाहिलं आणि एक्स-रे खाली ठेवला.

"मावशी, तुमच्या गुडघ्यांत काही उरलेलं नाही. हाडावर हाड घासतंय."

"ते मला ठावं हाय. कधी करताय बोला."

"करता येणार नाही. योजना चालता न येणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही ताशी सत्त्याऐंशीने चालता. तुम्ही तसं कबूलही केलंय."

"अहो, मघाशी मी दारातनं खुर्चीपर्यंत आले ते तुम्ही बघितलं न्हवं?"

"बघितलं," डॉक्टर म्हणाले. "मला फार वाईट वाटलं."

आणि त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं. वाईट वाटण्याला त्या रुग्णालयात काही खर्च येत नाही, त्यामुळे ते सढळ हाताने वाटलं जातं.

रुग्णालयाच्या पायऱ्या कृष्णाबाई एकेक करून, आडव्या, खेकड्यासारख्या उतरल्या. शेवटच्या पायरीवर त्या बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. त्यांना रडताना रझियाने त्याआधी एकदाच पाहिलं होतं, नवरा गेला तेव्हा. तिने तिथेच ठरवलं की हे निस्तरायचं. दंड तिनेच भरला होता.

वाहतूक नियंत्रण कक्ष चौथ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट बंद होती. वर पोहोचायला दोघींना पाऊण तास लागला. दाराबाहेर चपला काढाव्या लागत. आत भिंतभर पडदे होते आणि पडद्यांसमोर, उदबत्तीच्या वासात, सहायक नियंत्रक पाडळकर बसले होते. कॅमेरे बसवण्याचा करार झाला तेव्हा त्यांनी आठ दिवस परदेशात जाऊन प्रशिक्षण घेतलं होतं. त्याचं प्रमाणपत्र त्यांच्या डोक्यावर, देवाच्या तसबिरीच्या थोडं वर, लावलेलं होतं.

"साहेब, कॅमेऱ्याची चूक झालीय," रझिया म्हणाली.

तिने जणू शिवी दिली असावी, असं पाडळकरांनी तिच्याकडे पाहिलं. "बाई, चूक माणसाची होते. कॅमेऱ्याला डोळा आहे, मन नाही. चुकायला मन लागतं."

"पण मी बरोबर होते. मी ह्यांचा हात धरला होता."

"हात धरला होता?"

"होय. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"मग तुमचाही वेग सत्त्याऐंशी असायला हवा. तुम्हाला नोटीस आली?"

"नाही."

"म्हणजे तुम्ही तिथे नव्हता." पाडळकरांनी टेबलावरची टाचणी उचलून डबीत टाकली. "साक्ष देताना जरा विचार करत जा."

आता कृष्णाबाई बोलल्या. त्या खुर्चीच्या हाताला धरून उभ्या होत्या, कारण कुणी बसा म्हटलं नव्हतं. "साहेब, तुमी खाली या. माझ्यासंगं चौकात चला. मी चालून दावते. तुमी तुमच्या डोळ्यांनी बघा आन् मग काय लिवायचं ते लिवा."

पाडळकरांना हे पटलं नाही, पण नियमात फेरपडताळणीची तरतूद होती आणि तिचा वापर आजवर कुणी केला नव्हता. त्यांना फाइल उघडण्याचा मोह झाला.

फेरपडताळणी सोमवारी सकाळी अकराला झाली. चौकाच्या चारी बाजूंची वाहनं अडवली. पाडळकर छत्रीखाली घड्याळ घेऊन उभे राहिले. कृष्णाबाई निघाल्या. एक पाऊल, काठी, एक पाऊल. मागे हॉर्नचा गोंगाट सुरू झाला. कुणी ओरडलं, कुणी व्हिडिओ काढला. दुभाजकाशी त्यांच्या डाव्या गुडघ्याने इतका मोठा आवाज केला की एका हवालदाराने वळून पाहिलं. पलीकडच्या फुटपाथवर त्यांनी पाय ठेवला तेव्हा अकरा मिनिटं आणि वीस सेकंद झाले होते. पाडळकरांनी ते स्वतःच्या हाताने वहीत लिहून घेतलं.

मग त्यांच्या मोबाइलवर कॅमेऱ्याचा निकाल आला. एक्क्याण्णव.

"चार किलोमीटरची वाढ आहे," पाडळकर म्हणाले. आवाजात चिंता होती.

"अहो, पण तुम्ही बघितलंत ना!" रझिया जवळजवळ किंचाळली. "अकरा मिनिटं तुम्ही इथे उभे होतात!"

"बघितलं. पण माझं बघणं प्रमाणित नाही." त्यांनी वहीतलं ते पान फाडलं, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवलं. "नशीब समजा, मी हे कुठे बोलत नाही. नाहीतर कॅमेऱ्याविरुद्ध पुरावा निर्माण केल्याबद्दल आपण तिघंही अडकू."

निर्णय दोन दिवसांत घरपोच आला. रस्त्यावर ताशी पंचवीस किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने जाणारी कोणतीही स्वयंचलित वस्तू ही वाहन असते. कृष्णाबाई कुणी ओढत नसताना, कुणी ढकलत नसताना एक्क्याण्णवने जातात. सबब त्या वाहन आहेत. सात दिवसांत नोंदणी करावी, अन्यथा जप्ती होईल.

कृष्णाबाईंनी ती नोटीस धुडकावून लावली. पाचव्या दिवशी त्या भाजी घेऊन येताना बँकेसमोरच्या कट्ट्यावर टेकल्या, तर टोइंगची गाडी आली. दोन माणसं उतरली, त्यांनी कृष्णाबाईंच्या पायांभोवती खडूने रेघ ओढली आणि विचारलं, "मालक कोण?"

"माझा मालक वर गेलाय," कृष्णाबाई म्हणाल्या. "जावा, त्याला विचारा."

त्यांना सोडवायला रझियाला धावत यावं लागलं. मुदतीचे दोन दिवस बाकी असल्याने त्या माणसांनी समज देऊन सोडलं. संध्याकाळी कृष्णाबाईंनी भाजी निवडून संपवली. मग म्हणाल्या, "चल. व्हऊ दे मला गाडी. माणूस हुतं तवा तरी कोण इचारत हुतं?"

वाहन नोंदणी कार्यालयातले निरीक्षक कोठावळे हे निवृत्तीला आलेले, पान खाणारे गृहस्थ होते. त्यांनी कृष्णाबाईंचा अर्ज वाचला आणि चेहऱ्यावरची रेषही हलवली नाही. तीस वर्षांत त्यांनी कागदोपत्री चालणारे इतके ट्रक पास केले होते की चालणारी बाई त्यांना त्यामानाने सरळ प्रकरण वाटलं.

"दुचाकी की तीनचाकी?"

"दोन पाय आहेत," रझिया म्हणाली.

"काठी दिसतेय. काठी धरली तर तीन होतात. तीनचाकीला प्रवासी परवाना लागेल."

"मग काय करायचं?"

कोठावळ्यांनी विचार केला. "साइड स्टँड लिहितो," ते म्हणाले. "चासी नंबर?"

यावर बराच वेळ गेला. शेवटी कृष्णाबाईंच्या दंडावरच्या देवीच्या व्रणावर त्यांनी पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली. ठसा चांगला उमटला. रंगाच्या रकान्यात त्यांनी गव्हाळ लिहिलं, उत्पादनाच्या वर्षाच्या रकान्यात जन्मसाल घातलं. मग योग्यता तपासणीसाठी त्यांनी खुर्चीवरून उठून जमिनीवर बैठक मारली.

"पाय वाकवा."

कृष्णाबाईंनी वाकवला. कोठावळ्यांनी गुडघ्यावर तळहात ठेवला, कान जवळ नेला आणि डोळे मिटले. दुसराही पाय त्यांनी तसाच ऐकला. गेल्या पंधरा वर्षांत त्या गुडघ्यांना कुणी हात लावून पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी फक्त एक्स-रे पाहिला होता. कृष्णाबाई वर पंख्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"किती वर्षं झाली हे असं?" कोठावळ्यांनी विचारलं.

"बरीच."

"आणि ह्या अवस्थेत रस्त्यावर चालवलं?" त्यांनी रझियाकडे रागाने पाहिलं. "दोन्ही सांधे बाद आहेत. असं वाहन मी रस्त्यावर येऊ देणार नाही." त्यांनी लाल शाईत नापास लिहिलं. तीस दिवसांत दुरुस्ती करून दाखवावी, अन्यथा भंगारात काढण्यात येईल, असा शिक्का मारला.

भंगार हा शब्द रझियाने तीनदा वाचला. कृष्णाबाईंनी मात्र तो कागद घडी करून नीट कमरेला खोचला. त्यांचे गुडघे खराब आहेत असं सांगणारा तो पहिलाच सरकारी कागद होता.

तो घेऊन त्या पुन्हा रुग्णालयात गेल्या. डॉक्टर बेडकिहाळांनी तो दोनदा वाचला. "माणूस म्हणून मला तुम्हाला दाखल करता येत नाही," ते म्हणाले, आणि बोलता बोलताच थांबले. रुग्णालयाच्या दोन रुग्णवाहिका तीन वर्षं मागच्या आवारात चाकांशिवाय उभ्या होत्या आणि वाहन दुरुस्तीचं अनुदान दर मार्चला परत जात होतं. डॉक्टर उठले, त्यांनी दार लावून घेतलं. "पण वाहन म्हणून येतं," ते हळूच म्हणाले. आयुष्यात प्रथमच त्यांनी एखादं धाडस केलं होतं आणि तेही नियमात बसत होतं, त्यामुळे ते घामाघूम झाले.

ऑपरेशन उत्तम झालं. केसपेपरवर झिजलेले भाग बदलले, अशी नोंद झाली. तीन आठवडे कृष्णाबाईंनी दात-ओठ खाऊन व्यायाम केला, फिजिओथेरपीच्या मुलीला शिव्या दिल्या आणि तिच्याच खांद्यावर हात ठेवून पहिली दहा पावलं टाकली. दहाव्या पावलावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आवाज येत न्हाई ग."

घरी सोडायच्या दिवशी अडचण निघाली. दुरुस्त झालेलं वाहन परवानाधारक चालकाच्याच ताब्यात देता येतं, आणि कृष्णाबाईंना चालक नव्हता. पोरंबाळं नव्हती. काउंटरवरच्या कारकुनाने, कुणीच आलं नाही तर वाहन आवारात ठेवण्यात येईल, असं सांगून खिडकीतून त्या दोन रुग्णवाहिकांकडे बोट दाखवलं.

"मी काढते परवाना," रझिया म्हणाली.

"तुला सायकल येत न्हाई," कृष्णाबाई म्हणाल्या.

"तुम्ही कुठे सायकल आहात?"

चार दिवस ती शिवणकाम बंद ठेवून नियम पाठ करत होती. चाचणी कोठावळ्यांनीच घेतली. मैदानावर चुन्याने आठचा आकडा काढलेला होता. रझियाने कृष्णाबाईंचा हात धरला आणि दोघी निघाल्या. पहिल्या वळणावर रझिया हात दाखवायला विसरली, म्हणून नापास झाली. दुपारी पुन्हा चाचणी दिली. या वेळी तिने प्रत्येक वळणावर मोकळा हात लांब केला, मागे पाहिलं, कृष्णाबाईंना हळूच डावीकडे दाबलं. कोठावळे पानाची पिंक टाकून म्हणाले, "बाई, गाडीवर तुमचा जीव दिसतोय. असे चालक कमी राहिलेत." आणि त्यांनी परवान्यावर आणि गाडीच्या दुरुस्तीवरही सही केली.

तेव्हापासून दोघी रस्त्याच्या डाव्या कडेने जातात. कृष्णाबाईंच्या पाठीवर नंबर आहे, डोक्यावर हेल्मेट आहे. परवा भाजीला निघाल्या असताना दिवा लाल झाला. दोघी पांढऱ्या रेषेच्या अलीकडे, एका रिक्षाला लागून थांबल्या. रिक्षावाल्याने बाहेर डोकं काढून कृष्णाबाईंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आणि गाडीवाल्याने गाडीवाल्याशी बोलावं तसं रझियाला विचारलं, "एव्हरेज काय देते हो?"

रझियाने तोंड उघडायच्या आत कृष्णाबाईंनी हेल्मेटची काच वर केली.

"एका कप चहात मंडई," त्या म्हणाल्या. "दुसरा पाजलास तर तुजी रिक्षाबी वढीन."

दिवा हिरवा झाला आणि त्या पुढे निघून गेल्या.