गुंडूअण्णांची लाल बाटली

गुंडूअण्णांच्या खोलीत मिठाला मज्जाव होता. उप्पीट खायचं तर ओसरीवर, आणि मग सातदा हात धुवून, चूळ भरूनच उंबरा ओलांडायचा. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली होती. कानडी मुलखातल्या चामराजपेटेत आम्ही मायलेक त्यांच्या शेजारीच राहायचो. अण्णा मूळचे बेळगावकडचे. एका संशोधनशाळेत काचसामान धुवायचे आणि सुट्टीच्या दिवशी घरीही तेच करायचे.

या सगळ्या सोवळ्याचं कारण खिडकीतली एक बाटली. नुसती पाहिली तर पाणी मातकट दिसे. उजेडासमोर धरली की रक्तासारखं लाल.

"सोनं आहे की हो आत," अण्णा म्हणाले. "तेजाबात विरघळवून परत बारीक कण केलेत, डोळ्याला दिसत नाहीत. सुटे आहेत तोवर लाल. मीठ पडलं की एकमेकांना चिकटले, संपला कारभार!"

"पण सोनं कुणाचं?"

"हिच्या कुड्या. ही गेली. पेटीत, अंधारात ठेववेनात मला."

सुट्टीच्या दुपारी तीनला खिडकीच्या फटीतून उन्हाची तिरीप येई. "स्वल्प थांबा, येतीय," अण्णा कुजबुजत. शेजारच्या साध्या पाण्याच्या बाटलीतून तिरीप गेलेली कळतही नसे. लाल बाटलीत मात्र उजेडाची रेघ स्पष्ट उमटे आणि समोरच्या भिंतीवर तांबडं काहीतरी हलू लागे. "आली बघा." मग रिकाम्या खुर्चीकडे वळून, "कॉफीत साखर पुरे की?" माझ्या अंगावर सर्रकन काटा यायचा. विचारून झालं की अण्णा उत्तर ऐकल्यासारखे मान डोलवायचे.

मी हे आईला सांगितलं. ती गंभीर झाली. "अरे, मिठाला कोण भितं ठाऊक आहे ना? बाई सुटलेली नाही. झपाटलंय त्यांना." मी हसण्यावारी नेलं, तिथंच चुकलं.

पुढच्या रविवारी अण्णा आरामखुर्चीत पेंगत होते. आईनं मूठभर मीठमोहऱ्या घेऊन त्यांची दृष्ट काढली. ओवाळलेलं खरं तर चुलीत टाकायचं. पण भूत बाटलीत, म्हणून तिनं बूच काढून मूठ तिथंच रिकामी केली.

तिचा "अगं बाई!" ऐकून मी धावलो. लाल पाणी जांभळं झालं होतं आणि बघता बघता साप चावल्यागत निळं पडत होतं. तिरीप आली, पण भिंतीवर तांबडं काही उमटलं नाही. अण्णा जागे झाले होते. त्यांनी बाटली उचलून मांडीवर घेतली. मला खरी भीती तेव्हाच वाटली.

आई रडू लागली. "तुमच्या जिवाला काही होऊ नये म्हणून दृष्ट काढली हो मी..."

"माझी?" अण्णांनी मान वर केली. "अक्का, माझी काढली?"

आईनं डोळे पुसत होकारार्थी मान हलवली.

"ही गेल्यापासून कुणी काढली नव्हती," अण्णा म्हणाले. मग ते खुर्चीत सरळ बसले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"मी झोपेत होतो की. परत एकदा काढता काय?"