पावण्यापुढची घागर

मलप्पा सकाळपासून रिकामी घागर उपडी करत होता. लिंबाखाली मांडलेल्या टेबलापाशी उभं राहायचं, घागरीच्या गळ्याला हात घालायचा, ती हळूच कलती करायची आणि तिच्यातून काहीच पडलं नाही की म्हणायचं, "साहेब, हे आमचं गाव." मग खाली बसायचं. एवढंच काम होतं. पण मन्मथ गुरुजींचं समाधान होईना. कधी हात घाईनं फिरायचा, कधी वाक्य संपायच्या आधीच मलप्पा बसायचा. त्याचे गुडघे आता भाषणासाठी थांबत नव्हते.

बोरतळीला पाणी कधीच फार नव्हतं. त्या वर्षी तर बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरत होत्या. टँकरचा अर्ज जुन्या जिल्ह्याला, उस्मानाबादेला गेला होता, आणि मध्येच जिल्हा नवा झाला. उस्मानाबादवाले म्हणाले, तुम्ही आता आमचे नाहीत. लातूरवाले म्हणाले, तुम्ही आमचेच, पण तुमचा कागद आमच्याकडं आलेला नाही. नव्या जिल्ह्याचे पेढे गावानं खाल्ले, त्यावर प्यायला पाणी तेवढं मिळालं नाही. शेवटी उदगीरहून एक साहेब टंचाई बघायला येणार, असा निरोप आला. साहेबांच्या मनाला पटलं तर टँकर, नाही तर जीप पुढच्या गावाला.

गावाच्या वतीनं बोलायचं मलप्पाकडं आलं होतं. साठी उलटल्यावर तो गुरुजींच्या प्रौढ वर्गात अक्षरं शिकला होता. म्हातारपणी झालेल्या लेकराचं जसं कौतुक असतं, तसं त्याला शब्दांचं होतं. त्यानं भाषण रचलं. त्यात विहिरीचे डोळे खोल गेले होते, आभाळ रुसलेल्या व्याह्यासारखं पाठ फिरवून बसलं होतं आणि ढग पावण्याच्या गाडीसारखे वेशीवरनं परस्पर जात होते.

गुरुजींनी सगळं ऐकलं आणि कपाळ चोळलं. ते म्हणाले, "मलप्पा, उपमा भाकरीसंगटच्या चटणीसारखी असावी. तुम्ही नुसती चटणीच वाढलीत. साहेब दिवसभर गावोगाव रडणं ऐकत येणार. आपण सांगायचं नाही. दाखवायचं. ह्याला प्रतीक म्हणतात."

मलप्पाला प्रतीक कळलं नाही. पाठांतराचा त्रास वाचला, हे मात्र कळलं.

शिवम्मा, मलप्पाची बायको, ओट्यावर बसून हा सराव बघत होती. शेवटी तिनं विचारलं, "घागर रिकामीच ठिवनार हाव का तुमी?"

"रिकामी हाय म्हनून तर टँकर मागायलोय," मलप्पा म्हणाला.

ती ओट्यावरून उठली आणि आत गेली. मलप्पानं तिथंच ओळखायला पाहिजे होतं. बोरतळीत माणूस गावाला निघाला की समोरून भरल्या घागरीची बाई यावी लागे. रिकामी घागर असलेली बाई आपणहून बोळात शिरे. दुष्काळात हा रिवाज फार जड गेला. घागरी रिकाम्याच जास्त, त्यामुळं उदगीरला निघालेली माणसं आपापल्या दारात उभी आणि बायका बोळात उभ्या, अशा कैक एसट्या चुकल्या. पण रिवाज कुणी मोडला नव्हता. अन् पावण्यापुढं रिकामं भांडं ठेवणं तर अशुभाच्याही पलीकडचं होतं.

उन्हं चढल्यावर जीप आली. साहेब तरुण होते, धुळीनं माखलेले होते आणि कंटाळलेले होते. त्यांनी हार घेतला, घड्याळ बघितलं. टेबलावर गुलाबी चादर होती आणि चादरीवर चिंचेनं घासलेली पितळी घागर चमकत होती. मलप्पा उभा राहिला. गुरुजींनी मान हलवली. मलप्पानं घागरीच्या गळ्याला हात घातला. हाताला काहीतरी वेगळं लागलं, पण सरावानं वळण पडलेला हात मालकाला विचारायला थांबत नाही. घागर कलती झाली. भडाभडा पाणी वाहिलं, चादर भिजली आणि साहेबांच्या बुटात पाणी शिरलं.

"साहेब, हे आमचं गाव," मलप्पा म्हणाला आणि सवयीनं खाली बसला.

साहेबांनी पाय वर घेतले. "पाणी तर दिसतंय की तुमच्याकडे," असं म्हणून ते उठायला लागले.

टँकर गेला, एवढंच मलप्पाच्या डोक्यात आलं. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून शिवम्मा पुढं आली. पदर खोचलेला होता, आणि लग्नापासून चार माणसांत नवऱ्यापुढं तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"काय केलंत वो हे?" ती म्हणाली. "ह्यात केवळाबाईचा तांब्या हाय. गुरम्माची सून बाळंत हाय, तिच्या न्हाणीतलं पानी हाय. दारोदार फिरून भरली म्या. पावण्याम्होरं रिकामी घागर ठिवू व्हय? अन् तुमी ती मातीत वतली. आता सांजच्याला डाळ कशात शिजवू, तुमच्या भाषनात?"

तिनं टेबलावरची चादर ओढली आणि घागरीच्या तोंडावर धरून पिळायला लागली. केवळाबाई दुसरं टोक धरायला धावली. टेबलाच्या पायाशी एक शेळी चिखल चाटत होती. साहेब उभ्याचे बसले.

निघताना त्यांनी मलप्पाला जीपजवळ बोलावलं. आज बरीच गावं झाली, ते सांगत होते. कुठं बायका छाती पिटत होत्या, कुठं शेजारच्या गावातून आणून जनावरांची हाडं मांडली होती. पण असा प्रयोग कुठं बघितला नाही. "आणि त्या बाई," साहेब म्हणाले, "काय काम केलं. टँकर उद्यापासून सुरू."

ते नाटक नव्हतं, हे सांगायला मलप्पानं तोंड उघडलं. गुरुजींनी त्याचा पाय तुडवला.

"आठवड्यानं लातूरहून मोठे साहेब येतील. टँकर चालू ठेवायचा की नाही, ते ठरवणार," साहेब म्हणाले. "त्यांना हेच दाखवा. एक शब्दही बदलू नका."

टँकर आला. गाव हरखलं. मलप्पानं भीत भीत शिवम्माला निरोप सांगितला. ती भाकरी थापायची थांबली.

"म्हंजे म्या नाटक केलं?"

"तसं त्यांना वाटलं, इतकंच."

"त्यांना पावना समजून लोकाच्या तोंडचं पानी आनलं म्या," ती म्हणाली आणि परत भाकरी थापायला लागली. थापटीचा आवाज मात्र वाढला.

लिंबाखाली पुन्हा सराव सुरू झाला. ठरल्या दिवशी घागर भरून ठेवायचं काम शिवम्माकडंच राहिलं. शिवम्मा यायची, पदर खोचायची आणि शाळेत कविता म्हणावी तसं "काय केलंत वो हे" म्हणायची. गुरुजी हातापाया पडायच्या बेताला आले. आवाजात धार पाहिजे, म्हणाले. ती म्हणाली, घरात पाणी आहे, आता राग कुठून आणू? मलप्पाला पहिल्यांदाच वाटलं, की गुरुजींच्या पुस्तकातले सगळे अलंकार एका बाजूला आणि खरं चिडलेलं माणूस एका बाजूला.

ठरल्या दिवशी मोठे साहेब आले. जाडजूड, घामाघूम. शेजारी उदगीरचे धाकटे साहेब, पाय आधीच मागं घेऊन बसलेले. मलप्पानं घागरीच्या गळ्याला हात घातला, डोळे मिटले आणि घागर कलती केली.

काहीच पडलं नाही.

त्यानं आणखी कलती केली. घागरीच्या आतून एक मुंगळा बाहेर आला आणि चादरीवरून चालता झाला. मलप्पाला वाक्य आठवेना. धाकटे साहेब बायकांच्या घोळक्याकडं बघत राहिले. शिवम्मा शांत उभी होती. मोठे साहेब रुमालानं मान पुसत म्हणाले, "ते असू द्या. जरा प्यायला पाणी आणा."

कुणीच हललं नाही. बायका शिवम्माकडं बघत होत्या, आणि शिवम्मा घागरीकडं. मलप्पानं मान खाली घातली. दारात आलेल्याला पाण्याशिवाय परत पाठवण्याची वेळ बोरतळीवर कधी आली नव्हती.

मोठे साहेब त्या सगळ्यांकडं पाहत राहिले. मग धाकट्या साहेबांना हळूच म्हणाले, "पाहुण्याला घोटभर पाणी नाही. टँकर चालू ठेवा. आणखी एक खेप वाढवा."

जीप धूळ उडवत गेली. मलप्पा रिकामी घागर खांद्यावर घेऊन घरी आला. चुलीपाशी माठ काठोकाठ भरला होता, वर झाकण, झाकणावर तांब्या. त्यानं घागर खाली ठेवली.

"एवढं पानी व्हतं," तो म्हणाला, "अन् पावण्याला घोटभर दिलं न्हाईस?"

शिवम्मानं त्याच्यापुढं गार पाण्याचा तांब्या ठेवला.

"पावना असता तर दिलंच असतं की," ती म्हणाली. "नाटक बघाया आलेल्याला कुनी पानी देतंय व्हय?"