कपाटाचं वजन

"आधी कपाट रिकामं करू या," जावई म्हणाला.

"नाही," काटेवाले म्हणाले.

दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं गेली, म्हणून सगळे त्यांना काटेवालेच म्हणत. कालपासून झोपायच्या खोलीची भिंत पाझरत होती आणि ओल बायकोच्या लाकडी कपाटामागे पोचली होती. आत तिचे कपडे होते. ती गेल्याला चौदा महिने झाले, तेव्हापासून किल्ली काटेवाल्यांच्या खिशात होती. कपडे भिजतील या धास्तीनं जीव टांगणीला लागला होता. पण कपाट उघडायचं म्हटलं की किल्ली पुन्हा खिशात जायची.

जावई शाळेत विज्ञान शिकवायचा. "वजन जास्त तितकं घर्षण जास्त, बाबा. वजन कमी करायचं नसेल तर फरशी तरी गुळगुळीत करू." त्यानं साबणाचं पाणी ओतलं आणि तो ओढायला दाराबाहेर गेला. ढकलायला आत राहिले काटेवाले.

त्यांनी जोर लावला. कपाट जागच्या जागी राहिलं आणि ते स्वतःच मागे घसरत जाऊन पलंगावर बसले.

"क्रिया आणि प्रतिक्रिया!" बाहेरून आवाज आला. "तुम्ही कपाटाला ढकललंत, तसं कपाटानंही तुम्हाला ढकललं."

"तिचंच कपाट आहे ते!"

दुसऱ्या वेळी त्यांनी पलंगाच्या पायाला टाच रोवली. आता कपाट निघालं, ते थांबेचना.

"अरे, थांबव!"

"गतीत आलेली वस्तू, बाबा, गतीतच..."

पुढचा नियम धाडकन झालेल्या आवाजात ऐकू आला नाही. खालचा भाग उंबरठ्याला अडला, वरचा कोपरा चौकटीत घुसला आणि कपाट दारात तिरकं रुतून बसलं. काटेवाले आत, सगळं जग बाहेर. मधे फक्त वर वीतभर फट.

"बाबा, लागलं का हो?" मुलगी धावत आली.

"मला नाही. कपाटाला लागलं का ते बघ."

"अहो, हेच शिकवता होय मुलांना?" ती नवऱ्यावर घसरली.

"वर्गात कपाट नसतं," जावई पुटपुटला.

तेवढ्यात प्लंबर आला. त्यानं कपाटाच्या पाठीवर टिचकी मारली. "मागची फळी कापतो, काका. दोन मिनिटांचं काम."

"करवत लावशील तर खबरदार!"

"मग मी आत येऊ कसा? पाणी तर वाढतंय."

ते काटेवाल्यांनाही दिसत होतं. भिंतीतून आलेला ओघळ सरळ कपाटाच्या पायांकडे निघाला होता. त्यांनी टॉवेल टाकला, चादर टाकली, शेवटी उशी टाकली. पाणी वळसा घालून पुढे.

"पाणी उताराकडेच जाणार, बाबा."

"मग उतार बंद कर तुझा!"

बाहेर पिशवीतून काहीतरी लोखंडी निघाल्याचा आवाज आला. काटेवाल्यांनी किल्ली काढली. कुलपाचं भोक तिसऱ्या खेपेला सापडलं.

कपडे पाच वेळा कवेत घेऊन त्यांनी पलंगावर ठेवले. काट्याशिवाय वजन सांगणारा हात तो. आठ किलो. मग हे धूड हलत का नव्हतं?

खालच्या खणात तिची जुनी शाल होती आणि शालीखाली लोखंडी वजनं. वीसची दोन, दहाची तीन, पाचची दोन. त्यांचीच. काटेदुरुस्तीचं दुकान बंद केलं त्या वर्षी तिनं सांगितलं होतं, 'भंगारवाल्याला दिली.' तेव्हा ते चार दिवस तिच्याशी बोलले नव्हते. तिनंही खरं सांगितलं नव्हतं. एकाही वजनाला गंज नव्हता. सगळी तेलाच्या फडक्यानं पुसलेली होती.

"बाबा?" फटीतून मुलगी म्हणाली. "काय झालं? बोला ना."

"काही नाही. ऐंशी किलो निघालं."

"आईचे कपडे?"

"माझं भंगार."

वजनं बाहेर काढल्यावर एका धक्क्यात कपाट सुटून बाहेरच्या खोलीत गेलं. प्लंबर आत भिंत बघेपर्यंत काटेवाल्यांनी खाली वजनं, वर कपडे, सगळं होतं तसं लावून कुलूप घातलं. त्यांना कुठं हायसं वाटतंय तोच प्लंबर बाहेर आला.

"गळती न्हाणीघराच्या बाजूनं आहे. कॉक बंद केलाय, इकडं आता थेंब येणार नाही. कपाट ठेवा परत जागेवर, इथं माझी वाट अडलीय."

जावयानं सासऱ्यांकडे पाहिलं आणि साबणाच्या पाण्याची बादली उचलली.

"ठेव ती खाली," काटेवाले म्हणाले. किल्ली त्यांच्या हातातच होती. "आधी रिकामं करू या. तू वजनं धर. कपडे मी घेतो."